ओट्यावरची ताडपत्री

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात बैलगाड्या पुष्कळ होत्या, ट्रॅक्टर चार होते, पण ट्रक एकच होता. तो गेनबा शेलाराचा.

चौदा वर्षं गेनबाच्या ट्रकनं गावाची ओझी वाहिली. कुणाच्या घराच्या विटा, कुणाचं वऱ्हाड, देवळाची नवी घंटा, शाळेची बाकं, सगळं त्याच ट्रकातून आलं. त्यामुळं गावात गेनबाच्या शब्दाला वजन होतं. दौलतच्या चहाच्या हॉटेलात दाराजवळच्या बाकावर त्याची जागा ठरलेली असे. दुसरं कुणी तिथं बसलं असलं, तर गेनबाची सावली पडताच ते उठे. लहानथोर सगळे त्याला तात्या म्हणत. माणूस वाईट नव्हता. अडल्यानडल्याच्या वेळी तो गाडी घेऊन धावून जाई. पण मग 'तात्या होते म्हणून निभावलं' एवढं कुणीतरी म्हणावं लागे. ते कानांवर पडलं की त्याला त्या दिवशीचं जेवण गोड लागे.

गेनबाच्या घराला लागूनच लिंबाजी घाडग्याचं घर होतं. मध्ये कमरेएवढी दगडी भिंत. लिंबाजीनं अठरा वर्षं शहरात दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या होत्या. एका वर्षी होळीच्या दुसऱ्या दिवशी तो गावात आला, तो स्वतःचा नवाकोरा ट्रक घेऊनच.

घरी जाण्याआधी त्यानं ट्रक गेनबाच्या दारात थांबवला. खाली उतरून पाया पडला आणि म्हणाला, "तात्या, पहिला नारळ तुमच्या हातचा."

गेनबानं नारळ फोडला. एका दणक्यात फुटला. पाणी नव्या चाकावर उडालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि गेनबाच्या पोटात काहीतरी चरचरलं. टाळ्या आपल्याला नाहीत, गाडीला आहेत, हे त्याला पहिल्यांदा कळलं.

पाडव्याला अजून पंधरा दिवस होते. पाडव्याच्या मुहूर्तावर पहिला माल भरायचा, असं लिंबाजीनं ठरवलं. तोवर गाडी अंगणात उभी करून तिला रंग-लेप द्यायचं काम घरीच करायचं. शहरातल्या कारखान्यात हे काम करून मिळतं, असं त्याला सगळ्यांनी सांगितलं. त्यावर तो एवढंच म्हणायचा, की जिच्यावर उद्या पोट चालायचं, तिच्या अंगावरून एकदा तरी आपला हात फिरलेला असावा.

आणि खरोखरच त्या नवरा-बायकोचा हात त्या गाडीवरून फिरत राहिला. लिंबाजी पोतं अंथरून गाडीखाली शिरायचा. तारेच्या ब्रशानं एकेक कोपरा घासायचा, त्यावर तांबड्या रंगाचा पहिला हात द्यायचा, आणि तो वाळला की गंज धरू नये म्हणून डांबरासारखा काळा जाड लेप चढवायचा. त्याची बायको यमुना हौद्याच्या फळ्यांना जवसाचं तेल पाजायची. दारांच्या रबरी पट्ट्या उन्हानं चिकटू नयेत म्हणून त्यांना पावडर लावायची. जाड फडक्यानं रंगावर ओरखडे उठतात, म्हणून तिनं आपली दोन जुनी सुती लुगडी फाडली आणि त्या मऊ चिंध्यांनी दोघं केबिनला पॉलिश घासू लागली. लहान लहान गोल, एकावर एक. घासता घासता पत्र्यात स्वतःचा चेहरा दिसला की पुढं सरकायचं.

हे सगळं गेनबाला कसं ठाऊक? तर त्यानं आपली बाज उचलून भिंतीजवळ आणून टाकली होती. सावली चांगली पडते, असं त्यानं बायकोला सांगितलं. पार्वतीनं त्या जागेकडं पाहिलं. तिथं दुपारी ऊन यायचं.

गेनबा बाजेवर पडून राही आणि एका डोळ्यानं पलीकडं बघत राही. बघवत नव्हतं, आणि बघितल्यावाचून राहवतही नव्हतं. लिंबाजी गाडीखालून कधी बाहेर येतो, यमुना आज कुठली बाजू घासते, कोण बघायला आलं, किती वेळ उभं राहिलं, सगळा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का. येणारा माणूस जाताना भिंतीवरून डोकावायचा आणि विचारायचा, "तात्या, बघितली का गाडी?" गेनबा म्हणायचा, बघितली. हल्लीचा पत्रा म्हणजे पापड. दोन पावसाळे काढले तर खूप.

दौलतच्या हॉटेलातही दुसरी गोष्ट नव्हती. एकदा तर गेनबा आत शिरला तेव्हा त्याच्या जागेवर एक जण बसून लिंबाजीच्या गाडीचं वर्णन करत होता. बोलण्याच्या नादात तो उठायचा विसरला. गेनबानं उभ्यानं चहा घेतला. तो चहा त्याला आठवडाभर कडू लागला.

घरी येऊन त्यानं स्वतःच्या ट्रकाकडं पाहिलं. चौदा वर्षं पोसणारी गाडी त्याला एकाएकी म्हातारी दिसायला लागली. तिला धुवायची इच्छा होईना. आरशावर धूळ बसली, ती तशीच राहिली.

तिसऱ्या-चौथ्या दिवसाची गोष्ट. भर दुपारी लिंबाजी गाडी धूत होता. तापलेल्या पत्र्यावर पाणी पडलं की ते जागच्या जागी सुकतं आणि पांढरे डाग उठतात, हे गेनबाला चौदा वर्षांपासून माहीत होतं. लिंबाजी शहरात दुसऱ्याच्या गाड्या चालवायचा, धुणारे वेगळे असायचे, त्यामुळं त्याला ते माहीत नव्हतं. एक हाक मारली असती तर पुरे होतं. गेनबानं कूस बदलली आणि डोळे मिटून घेतले.

डाग उठले. लिंबाजी कष्टी होऊन भिंतीशी आला. तात्या, हे कशानं झालं असेल, म्हणून विचारू लागला. गेनबानं उठून, गाडीजवळ जाऊन, बोटानं डाग खरवडल्यासारखं करून सांगितलं, की आपल्या बोअरचं पाणीच खारं आहे. ह्याला इलाज नाही. मळ्यातल्या जुन्या विहिरीचं पाणी आणलंस तरच काही होईल.

विहीर मैलभर लांब होती. गेनबाला वाटलं, आता कंटाळेल. पण लिंबाजीनं त्याचे आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत बैलगाडीत दोन पिपं घालून निघाला. पाणी आणायला पहाटेचीच वेळ सोयीची, म्हणून धुणंही पहाटेचंच झालं. गार पत्रा आणि गोडं पाणी. गाडी अशी निघाली, की समोरच्या काचेत आख्खा घाट दिसायला लागला.

ते पाहून गेनबा भिंतीकडं पाठ करून दिवसभर पडून राहिला. आपणच सांगितलेल्या खोट्यानं शेजाऱ्याचं भलं व्हावं, ह्याच्यासारखं दुखणं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी निरोप आला. यमुनेच्या आईची तब्येत फार बिघडली होती. नवरा-बायकोला ताबडतोब निघायला हवं होतं. माहेर चार तासांच्या वाटेवर. नवी गाडी गावापर्यंत आणायचा तात्पुरता परवाना संपला होता आणि नोंदणीचे कागद पाडव्यापर्यंत व्हायचे होते, म्हणून ती रस्त्यावर काढता येत नव्हती, तेव्हा एस.टी.नं जायचं ठरलं.

निघताना लिंबाजी एक मोठं गाठोडं खांद्यावर घेऊन गेनबाच्या ओट्यावर आला. जाड ताडपत्री होती, आणि तिच्या आत दोन जुन्या वाकळा.

"तात्या," तो म्हणाला, "फळ्यांना कालच व्हार्निशचा शेवटचा हात दिलाय. आत्ता झाकलं तर चिकटंल. दुपारपर्यंत वाळंल. मग काचेवर आन् टपावर वाकळा टाका, वरनं ताडपत्री ओढा. आभाळाचं काही खरं नाही ह्या दिवसांत. तुमच्यावर टाकून चाललोय."

गेनबानं मान हलवली. दोघं घाईनं एस.टी.च्या थांब्याकडं गेली.

दुपार झाली. व्हार्निश वाळलं. गेनबानं भिंतीवरून हात लांब करून एका फळीला बोट लावून पाहिलं. बोट कोरडं निघालं. मग तो आपल्या ओट्यावर परत आला आणि टेकला. ते गाठोडं मऊ होतं. त्यावर बसायला बरं वाटलं.

चार वाजता घाटाच्या माथ्यावर आभाळ काळंनिळं झालं. वारा पडला. झाडाचं पान हलेना. पार्वती दारात येऊन म्हणाली, "आवं, त्याची गाडी झाकून घ्या."

गेनबा म्हणाला, चहा तेवढा टाक, मग झाकतो.

चहा आला. त्यानं बशीत ओतून फुंकून फुंकून घेतला. गाडी झाकायची नाही, असं त्यानं काही ठरवलं नव्हतं. पुढं कुणी विचारलं असतं, तर तो शपथेवर सांगू शकला असता. तो फक्त उठत नव्हता. मनात म्हणत होता, एवढं घासलंय दोघांनी, बघू तरी आभाळ येतंय की नुसतं गडगडतंय. येईल तेव्हा उठू. गाडी लांब थोडीच आहे.

पहिली गार अंगणात पडली, ती आवळ्याएवढी होती. दुसरी लिंबाएवढी. मग मोजायला सवडच राहिली नाही. पत्र्यांवर, कौलांवर, झाडांवर एकच थडथडाट सुरू झाला. पलीकडच्या अंगणात नव्या गाडीच्या टपावर गारा आपटून उडत होत्या. गेनबा बघत होता. आणि खरं सांगायचं, तर त्या क्षणी त्याला सहा दिवसांत पहिल्यांदा छातीत गार वाटलं.

तेवढ्यात काच फुटल्याचा आवाज झाला.

त्या आवाजानं तो दचकला. आणि त्यानं पाहिलं, तर पार्वती डोक्यावर घमेलं धरून भिंत ओलांडत होती. घरातली गोधडी तिनं काखेत मारली होती. टपापर्यंत तिचा हात पोचत नव्हता, म्हणून ती चाकावर पाय देऊन वर चढत होती. गेनबा ओरडला आणि पळाला. तो पोचेपर्यंत घमेलं हातातून सुटलं आणि एक गार तिच्या मनगटावर बसली. ती खाली पडली. गेनबानं तिला ओढत गाडीखाली नेलं. लिंबाजीनं लेप दिलेल्या त्या काळ्याभोर चौकटीखाली दोघं गारा थांबेपर्यंत बसून राहिली.

पार्वतीचं मनगट सुजत चाललं होतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. समोर गारांकडं बघत ती म्हणाली, "ताडपत्री तुमच्या मांडीखाली होती."

एवढंच. त्यानंतर त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही.

तालुक्याच्या डॉक्टरानं हाड मोडल्याचं सांगितलं आणि पार्वतीच्या हाताला प्लॅस्टर घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबाजी आणि यमुना परत आली. म्हातारीला उतार पडला होता. अंगणात पाऊल टाकताच यमुनेनं तोंडावर पदर घेतला. समोरची काच चाळणीसारखी झाली होती. केबिनचा टप आणि बॉनेट देवीचे व्रण उठावेत तसे खड्ड्यांनी भरले होते.

गेनबा भिंतीशी उभा होता. त्यानं रात्रीच बोलणं जुळवून ठेवलं होतं. वारा केवढा होता, ताडपत्री हातात ठरेना, एकट्या माणसानं काय करावं. पण त्याला तोंड उघडावंच लागलं नाही. लिंबाजीची नजर दारात उभ्या पार्वतीच्या हाताकडं गेली. तिचं काय झालं ते त्याला वाटेतच कुणीतरी सांगितलं होतं. तो भिंत ओलांडून आला आणि वाकून तिच्या पाया पडला.

"काकी," तो म्हणाला, "पत्रा ठोकून सरळ होतो. माणसाचं हाड म्हणजे काय पत्रा हाय का? का गेलात तुम्ही दोघं गारांत?"

पार्वतीनं मान खाली घातली. गेनबा उभा होता तसा उभा राहिला.

लिंबाजी तिथंच थांबला नाही. हॉटेलात जाऊन त्यानं सगळ्यांना सांगितलं, की माझ्या गाडीसाठी तात्या आणि काकी गारांत धावले, काकीनं हात मोडून घेतला, असा शेजार नशिबानं मिळतो. संध्याकाळी गेनबा हॉटेलात गेला, तेव्हा दाराजवळचं बाक आपोआप रिकामं झालं. दौलतनं न सांगता चहा आणून ठेवला. दोन म्हातारे त्याला हात जोडून म्हणाले, "तात्या आहेत म्हणून गाव हाय."

जे ऐकण्यासाठी त्याचा जीव तळमळत होता, ते सगळं परत मिळालं होतं. जागा मिळाली, चहा मिळाला, शब्द मिळाले. गेनबानं कप उचलला, पण तोंडाला लावला नाही. कप तसाच ठेवून तो उठला.

घरी पार्वती डाव्या हातानं भाकरी थापायचा प्रयत्न करत होती. भाकरी फाटत होती. तिच्या शेजारी बसून त्यानं परात आपल्याकडं ओढली. दोन दिवस तो घराबाहेर पडला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो भिंत ओलांडून गेला. लिंबाजी गाडीखाली होता. पोत्यावर आडव्या पडलेल्या लिंबाजीचे फक्त दोन पाय बाहेर दिसत होते, आणि आतून ब्रशाचा खसखस आवाज येत होता. चेहऱ्याला सांगणं गेनबाला जमलं नसतं. पायांना सांगणं जमलं.

तो म्हणाला, "लिंबाजी, मी धावलो नाही. पार्वती धावली. मी ओट्यावर बसलो होतो."

ब्रश थांबला.

"ताडपत्रीवरच बसलो होतो. आभाळ दिसत होतं. मला तुझी गाडी बघवत नव्हती. आणि ते पाण्याचंही मी खोटं सांगितलं. डाग पाण्यानं नाही, उन्हानं उठले होते."

मग आतून लिंबाजीचा आवाज आला. तो चढा नव्हता.

"तात्या, आज तुम्ही जावा. आज मला तुमचं तोंड बघायचं न्हाई."

गेनबा गेला. पण घरी गेला नाही. तो सरळ हॉटेलात गेला. बाक रिकामं झालं, तरी तो बसला नाही. लिंबाजीनं तुम्हाला जे सांगितलं ते त्याच्या चांगुलपणानं सांगितलं, खरं असं आहे, म्हणून जे होतं ते त्यानं उभ्यानं सांगून टाकलं. दौलत कपबशा विसळत राहिला. गेनबा बाहेर पडला तेव्हा त्याच्या पाठीमागं बाकावर कुणीतरी बसल्याचा आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो पुन्हा लिंबाजीच्या अंगणात हजर झाला. हातात एक लाकडी मोगरी आणि वाळू भरलेली कातडी पिशवी होती. तरुणपणी दोन वर्षं तो एका गॅरेजात पत्र्याचे खड्डे काढायला शिकला होता. गावात कुणालाच हे माहीत नव्हतं, कारण ट्रकमालक झाल्यावर सांगण्यासारखं त्याला ते वाटलं नव्हतं.

लिंबाजी दात घासत उभा होता. त्यानं मोगरीकडं पाहिलं, गेनबाकडं पाहिलं. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. यमुनेनं केबिनचं दार उघडून दिलं.

गेनबा केबिनमध्ये उलटा झोपून काम करू लागला. टपाचं अस्तर सोडवायचं, बाहेरून वाळूची पिशवी टेकवायची, आतून मोगरीचा हलका ठोका. जोरात मारलं तर पत्रा फुगतो, हळू मारलं तर हलत नाही. एकेक खड्डा म्हणजे पाव तास. पहिला दिवस पिशवी यमुनेनं धरली. दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवी धरणारा हात बदलल्यासारखा वाटला, म्हणून गेनबानं डोकं बाहेर काढलं. पिशवी लिंबाजीनं धरली होती.

"अजून थोडं डावीकडं," गेनबा म्हणाला.

लिंबाजीनं पिशवी डावीकडं सरकवली. तेवढंच त्यांचं त्या दिवशीचं बोलणं.

पाच दिवस ठोकाठोकी चालली. शहरातून नवी काच आली, ती दोघांनी मिळून बसवली. गेनबानं लिंबाजीला पत्रा तळहातानं कसा वाचायचा ते शिकवलं. डोळ्याला जे दिसत नाही ते हाताला लागतं. बॉनेटच्या कोपऱ्यात एक बारीक खड्डा राहिला होता. तिथं पत्रा दुहेरी असल्यानं आतून मोगरी पोचेना. गेनबा तीन वेळा त्याच्यावरून हात फिरवून आला. जेवताना त्याचा घास थांबला. पार्वतीनं विचारलं, काय झालं?

"तो कोपरा राहिलाय," तो म्हणाला. "गाडीचा."

पार्वतीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. कुणाच्या गाडीचा, हे त्यानं सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी गेनबानं वाकवलेली सळई आत घालून तोही कोपरा काढला. दुपारी एक माणूस गाडी बघायला आला आणि जाता जाता म्हणाला, नवीन असून ठिगळाची झाली बिचारी. गेनबा मोगरी हातात घेऊनच खाली उतरला. कुठं ठिगळ दिसतं ते दाखव, म्हणाला. त्या माणसाला हात फिरवून फिरवून एकही जागा सापडली नाही. लिंबाजी बाजूला उभा राहून ऐकत होता. त्या दिवशी संध्याकाळी त्यानं गेनबाला आपल्या घरी जेवायला थांबवून घेतलं.

पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर गाडीत माल भरला. गावच्या कुंभारांची मडकी आणि रांजण होते, गवतात नीट रचलेले. लिंबाजी स्टिअरिंगवर बसला, यमुना त्याच्या शेजारी. गाडी निघाली. सगळं गाव बघायला आलं होतं. टाळ्या वाजल्या.

गेनबा रस्त्याच्या कडेला पार्वतीबरोबर उभा होता. टाळ्या ऐकून त्यानं सवयीनं आत चाचपून पाहिलं, कुठं काही चरचरतंय का. तसं काही लागलं नाही. गाडी घाटाचं पहिलं वळण चढली, दुसरं चढली. टपावर ऊन चमकलं, आणि मग ती दिसेनाशी झाली. गेनबाच्या मनात तेव्हा एवढंच होतं, की घाटात समोरून येणाऱ्यांनी तिला नीट वाट द्यावी.

तात्पर्य: शेजाऱ्याचं चांगलं झालेलं लांबून बघत बसलं, तर ते डोळ्यांत खुपतं; ते राखायला आपला हात लावला, तर खुपायचं थांबतं आणि थोडं आपलंही होतं.